शिशाची नाणी, चौतीस पानं आणि मंगळवार पेठेतलं डीटीपी

टायपिंग-छपाई करून देणाऱ्या या डीटीपीच्या दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं त्यांच्या चुका सांगणार आहे आणि मला परत तिथंच जायचंय. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आहे, एवढं पुरे. आत दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि मागं बाइंडिंगचा शिकंजा. थीसिसवाल्या पोरांची कायम गर्दी.

माझं काम जरा वेगळं होतं. आमचा नाणी जमवणाऱ्यांचा क्लब आहे, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरतो. नुसती नाणी दाखवून चहा पिऊन जायचं नाही, वर्षातून एकानं तरी पेपर लिहायचा असा नियम. यंदा माझा नंबर होता. विषय घेतला कुर राजांच्या शिशाच्या नाण्यांचा. ही आपल्या कोल्हापूर भागातली, साधारण पहिल्या-दुसऱ्या शतकातली. एका बाजूला धनुष्यबाण आणि त्याभोवती ब्राह्मी लेख, दुसरीकडं चैत्य, म्हणजे एकावर एक कमानी रचल्यासारखं चिन्ह, आणि कठड्यातलं झाड. नावं तीन राजांची येतात: वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर. यातला आधीचा कोण आणि नंतरचा कोण हे कुठल्या शिलालेखात सांगितलेलं नाही. ते कळतं नाण्यांवरूनच. सिवलकुरानं पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला छाप मारला आणि गोतमिपुतानं त्या दोघांच्याही. ब्रिटिश म्युझियमसाठी रॅप्सननं १९०८ साली जी सूची केली तिच्यातही क्रम असाच लावलाय. म्हणजे वरच्या छापाखाली जुन्या धनुष्याची दोरी किंवा एखादं अक्षर दिसलं पाहिजे. माझा सगळा पेपर त्या पुसट रेषांवर उभा. हे आधी सांगितलं नाही तर माझी चिडचिड कशापायी झाली ते कळायचं नाही.

टायपिंगला पानाला ३० रुपये. मी हाताने लिहून दिलं होतं, पोस्टातलं अक्षर, त्यामुळं वाचायला अडचण नव्हती. पहिलं प्रूफ चार दिवसांत आलं. उघडलं तर ‘रञो’चं ‘रज्ञो’ झालेलं. सगळीकडं. पुढं ‘विळिवायकुरस’चं ‘विळीवायकुराचे’. मालकांनी स्वतः बसून शुद्धलेखन तपासलं होतं म्हणे, तेही फुकट! ‘मॅडम, बऱ्याच चुका होत्या, मी काढल्या.’ दोन हजार वर्षांपूर्वीच्या टांकसाळीच्या चुका यांनी एका दुपारी काढल्या. मी कपाळाला हात लावला. रञो म्हणजे राजाचा, प्राकृत आहे, नाण्यावर जसं आहे तसंच छापायचं, हे समजावून सांगितलं. ते मान हलवत राहिले, पण चेहऱ्यावर अजूनही ‘बाईंना ज्ञ येत नाही’ असंच होतं.

खरं काम झालं ते त्यांच्याकडं दुपारी येणाऱ्या मुलीमुळं. वीस-बावीसची असेल. तिनं आल्या आल्या माझी वही शेजारी ठेवली आणि प्रत्येक अडलेल्या शब्दावर बोट ठेवून विचारायला लागली, ‘काकू, ह्यो असाच हाय का तुमची चूक झालीया?’ दोनदा माझीच चूक निघाली. एका ठिकाणी मी १४.३२ ग्रॅम लिहिलं होतं आणि पुढच्या तक्त्यात १३.४२. पोस्टात ३१ वर्षं पाकिटं तोलली, आणि स्वतःच्या नाण्याचं वजन उलटं लिहिलं! घरी येऊन परत तोललं, १४.३२ बरोबर.

ब्राह्मी अक्षरांचाही घोळ होता. मालकांचं सगळं काम पेजमेकर नावाच्या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, जुन्या फाँटात. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची कॉम्प्युटरची सामाईक अक्षरपद्धत, कळत नाही. ‘जागा सोडतो, पेनानं काढा,’ म्हणाले. ब्राह्मी युनिकोडमध्ये २०१० पासून आहे. मुलीनं फाँट उतरवून घेतला आणि सगळा मजकूर वर्डमध्ये नव्यानं घेतला. ‘करून देतो की काकू, त्यात काय एवढं.’ आमच्याकडच्या पोरी ‘देतो’च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये. तळटीपाही तिनं आपोआप आकडे पडतील अशा लावल्या. त्याचा उपयोग लगेच झाला, कारण टॉलेमी या जुन्या ग्रीक लेखकाच्या भूगोलात ‘बालेओकुरोस’ नावाचा राजा येतो आणि तो आपला विळिवायकुर असावा असं मानतात, ही टीप मला मागाहून सुचली. जुन्या पद्धतीनं पुढच्या एकवीस टीपांचे आकडे हातानं बदलावे लागले असते.

आता फोटो. इथं दुकानाला मी दहातले दोनच गुण देईन. ‘नाणी आणा, स्कॅन करून टाकू,’ असं मालक म्हणाले आणि मी नेली, हा माझाच गाढवपणा. त्यांच्या मशीनचा स्कॅनर कागदासाठी बनलेला. काचेला टेकलेलं तेवढंच त्याला नीट दिसतं, जरा उंच-सखल आलं की धूसर. त्यात उजेडही सपाट, सावलीच पडत नाही. धनुष्याखालची जुनी रेघ सावलीतच दिसते. नाण्याची नुसती करडी टिकली झाली होती. शेवटी मी घरीच काढले. सकाळी आठला गच्चीत, ऊन तिरपं असताना, डब्यांच्या चळतीवर मोबाइल आडवा ठेवून आणि नाण्याच्या बाजूला मिलिमीटरची पट्टी. समोरून पांढरा पुठ्ठा धरला की सावली मऊ पडते. एकेका नाण्याचे दोन फोटो, उजेड दोन दिशांनी. दुसऱ्याच फोटोत सिवलकुराच्या ‘व’खालून जुनं अक्षर डोकावलं आणि मी गच्चीत एकटीच ओरडले. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते आकार दाबून टाकतं आणि ती रेघ पुन्हा जाते.

मुलीला मी भिंगातून ते नाणं दाखवलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘म्हंजी पहिल्याच्या नावावर आपलं नाव टाकलंय व्हय? आमच्या चौकात डिजिटल बोर्डाचं असंच चालतंय.’ टाउन हॉलच्या म्युझियमात इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा ब्राँझचा पुतळा ती शाळेतून बघून आली होती, पण तिथली नाणी आठवत नव्हती. शाळेची सहल म्हणजे पळवतच नेतात. शिसं हाताळलंय, हात धुऊन डबा खा, एवढं मात्र मी तिला आवर्जून सांगितलं.

प्रिंटमध्ये आणखी एक गोष्ट झाली. फोटोखाली ‘मूळ आकारात’ असं छापलं होतं. व्यास २८ मिलिमीटर. सहज म्हणून कागदावर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, लावला तर २७. प्रिंटरनं पानात बसवायला सगळंच थोडं आक्रसून घेतलं होतं. मालक म्हणाले, ‘एका मिलिमीटरनं काय होतंय मॅडम?’ नाणी जमवणाऱ्याला हा प्रश्न विचारू नये. सहा रंगीत पानं परत काढून दिली, पैसे घेतले नाहीत, हे मान्य करायला हवं.

बाइंडिंग उत्तम. शिवलेलं आहे, पिना मारलेल्या नाहीत, त्यामुळं वही सपाट उघडते आणि आतल्या कडेचे फोटो घडीत जात नाहीत. काळ्या कापडावर सोनेरी अक्षरं सरळ आली आहेत.

हिशोब असा: टायपिंग ३४ पानांचे १०२०, पाच प्रतींचे रंगीत प्रिंट ४५०, साधे २८०, चार स्पायरल १६०, एक पक्की बांधणी २५०. झाले २१६०, त्यांनी २१०० घेतले.

जायचं असेल तर मार्च ते मे टाळा, कॉलेजच्या प्रोजेक्टांची रांग असते. फोटो स्वतःचे न्या. आणि दुपारी तीननंतर जा, सकाळी मालक एकटेच असतात आणि तुमचं शुद्धलेखन सुधारतात.