‘फुल पॅकिंग’ सेवा : काय सोपवावं, काय नाही

त्याच शहरात टू बीएचके हलवायचा असेल तर पॅकर्स-मूव्हर्सचं ‘फुल पॅकिंग’ घ्यावं, की नुसता टेम्पो आणि चार माणसं पुरतात? फर्निचर, काच आणि मशीन यांच्यासाठी जरूर घ्यावं. धान्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या, देव आणि कागदपत्रं मात्र घरच्यांनीच भरावीत.

वेगाला पैकीच्या पैकी गुण. चार-पाच जणांची टोळी सकाळी नऊला आली की दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत भिंती उघड्या पडतात. हाच वेग काचेला नडतो. खोक्याच्या तळाशी चुरगळलेल्या कागदाचा दोन-तीन इंचांचा थर हवा आणि ताटल्या उभ्या लावायला हव्यात. घाईत त्या एकावर एक आडव्या रचल्या जातात, मग प्रत्येक स्पीडब्रेकरला वरच्यांचा भार खालचीवर येतो. खोकं वरपर्यंत भरलेलंही हवं. पोकळी राहिली की वर दुसरं खोकं ठेवल्यावर झाकण आत बसतं. बंद करण्याआधी हलवून बघायचं. आतून आवाज आला तर अजून कागद कोंबायचा. पांढऱ्या क्रोकरीला वर्तमानपत्र नको, शाई लागते.

खोकी पाच प्लायची, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याची मागा, तीन प्लायची पुस्तकांच्या वजनाने तळातून सुटतात. पुस्तकांसाठी लहान खोकं, पंधरा किलोच्या आत. नाव झाकणावर न लिहिता बाजूला लिहावं, कारण रचल्यावर झाकण दिसतच नाही.

फर्निचरचं काम बहुतेक ठिकाणी चांगलं होतं, फक्त दोन गोष्टींवर डोळा ठेवा. पॉलिशच्या लाकडावर बबल रॅप थेट गुंडाळला तर उन्हात बुडबुड्यांचे गोल ठसे उमटतात. आधी जुनी चादर, मग रॅप. दुसरं, पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं कपाट. ते ड्रिल मशीनने खोलू-जोडू देऊ नका, स्क्रूची भोकं सैल होतात आणि नव्या घरात दार लोंबकळतं. स्क्रू पिशवीत घालून ती पिशवी त्याच फळीला आतून चिकटवायची.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, पुसून ठेवावा आणि उभाच न्यावा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम जखडून ठेवणारे बोल्ट, शोधा. ते न लावता नेलं तर ड्रम आत आपटत जातो. एसी टोळीवर सोडू नये. टेक्निशियनने आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून, एसी कूलिंगवर चालवून गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घ्यायचा असतो. हे टाळून नट सोडला की गॅस हवेत जातो.

विम्याची अट सही करण्याआधी वाचा. आपण स्वतः भरलेल्या खोक्यातल्या फुटतुटीची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. म्हणून घरच्यांनी भरायचं ते न फुटणारं. लोणच्याची बरणी मांडीवर, टेम्पोत नाही.

एक काम या सेवेच्या कुठल्याच यादीत नसतं. खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजतात, कॅलेंडरमागचा न विटलेला चौकोन रंगाखाली जातो, नावाची पाटी दोन स्क्रू काढले की हातात येते. दाराच्या चौकटीवरच्या, मुलांच्या उंचीच्या पेन्सिल-खुणांचं काय? रंगारी पहिल्याच हातात त्या बुजवतो. आदल्या रात्री, टोळी यायच्या आत, कागदाची लांब पट्टी चौकटीला लावून प्रत्येक रेघ तारखेसकट उतरवून घ्यावी आणि पट्टी गुंडाळून कागदपत्रांच्या पिशवीत ठेवावी. पट्टीचं खालचं टोक उंबऱ्यावर नको, फरशीला टेकलेलं हवं. नाहीतर नव्या घरात मुलं दोन इंचांनी बुटकी निघतात.