दोनशे तासांचा हिशेब: पन्नास माणसं एक दिवस, की दोन माणसं पन्नास शनिवार?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत माझ्या एका मित्राचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. पन्नास-पंचावन्न माणसं कामाला. मध्यंतरी त्याचा फोन आला, "एक दिवस सगळ्यांना घेऊन कायतरी समाजाचं करू म्हणतोय. झाडं लावू, घाट साफ करू, का शाळेत वह्या वाटू? तू सांग." त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकू म्हणाल्या, "मला वेळच वेळ आहे, पण एकटीचं कुठं काय होणार?"

दोघांचं गाऱ्हाणं मी एकाच कागदावर मांडून बघितलं. पन्नास माणसांनी चार तास काम केलं की दोनशे तास होतात. दोन माणसांनी दर शनिवारी दोन तास दिले, तर पन्नास शनिवारांचे दोनशेच होतात. बेरीज तीच. पण काही कामं पहिल्या पद्धतीनंच होतात आणि काही मेली तरी होत नाहीत. त्यामुळं "कुठलं काम चांगलं" हे मी आता कुणाला सांगत बसत नाही. हे काम एका दिवसात उरकणारं आहे का, एवढंच विचारतो.

पुराचा गाळ: इथं गर्दीच हवी

पावसाळ्यात सांगलीत माणसं एकमेकांची खुशाली विचारत नाहीत, "फूट किती झालं?" विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना आलं की इशारा पातळी, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा शहरात शिरलं.

पाणी ओसरल्यावर पहिले एक-दोन दिवस गाळ श्रीखंडासारखा असतो. खोऱ्यानं ओढला की येतो. ऊन लागलं की तोच फरशीला असा धरतो की तासाच्या कामाला अर्धा दिवस जातो. इथं दोन माणसं आणि पन्नास शनिवार काही कामाचे नाहीत. घमेली घेऊन रांग लावणारी वीस-पंचवीस माणसं त्या दोन दिवसांत लागतात.

२०१९ ला आम्ही नऊ जण कर्नाळ रोडकडच्या एका घरात शिरलो. जोरात होतो. गाद्या, पोती, भिजलेली पुस्तकं, जे हाताला लागेल ते बाहेर रस्त्यावर. घरातली बाई दारात ओल्या साडीत उभी होती, काही बोलत नव्हती. गाळानं माखलेली एक पत्र्याची पेटी आमच्यातल्या एकानं ढिगावर टाकली तेव्हा ती एकदम ओरडली. पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड होतं, मुलीच्या मार्कशीटा होत्या, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला होता. पिशवीच्या आत पाणी गेलं नव्हतं. त्यानंतर आम्ही एक माणूस फक्त तिच्याजवळ उभा केला. त्याचं काम एकच, प्रत्येक वस्तू दाखवून विचारायचं, "ठेवू का टाकू?" वेग निम्म्यावर आला. तसाच यायला हवा होता. टोळी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिलं सांगतो.

आणि एक चूक आमची. जाताना आम्ही जुन्या कपड्यांची सात पोती नेली. कुणी हात लावला नाही. रस्त्याकडेला पावसात भिजून त्यांचाही कचराच झाला, तो उचलायला पुन्हा महापालिकेचीच माणसं. लोक मागत होते ते खराटे, फिनेल, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड आणि नवे आतले कपडे. पायात गमबूट आणि हातात रबरी मोजे असल्याशिवाय गाळात उतरू नका. पायाला साधी चीर असली तरी त्यातून लेप्टोचा, म्हणजे उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, संसर्ग होऊ शकतो.

पाणी चढत असताना बोटीवर मात्र हौशी माणसाचं काम नाही. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, ते इथं कुणी विसरलेलं नाही. बचावकार्यातच उतरायचं असेल तर सरकारच्या आपदा मित्र योजनेत १२ दिवसांचं प्रशिक्षण असतं, ते आधी घ्या.

गणेशोत्सवात घाटावर निर्माल्य गोळा करणं हेही असंच गर्दीचं काम. पाचव्या दिवशी सांगली संस्थानचा गणपती जातो, त्यापुढं अनंत चतुर्दशीपर्यंत माई घाट, सरकारी घाट भरलेले. शिकवायला लागत नाही, चार तासांच्या पाळ्या लावता येतात, संध्याकाळी काम दिसतं. ज्या कंपनीला एकच दिवस द्यायचा आहे तिनं डोळे झाकून हे घ्यावं.

शाळा: इथं गर्दी नुसती आडवी येते

वह्यावाटपाचा कार्यक्रम तुम्ही बघितला असेल. मुलं दहा वाजल्यापासून उन्हात रांगेत, पाहुणे साडेअकराला, हार, नारळ, भाषण, फोटो. अर्धी शाळा त्यातच गेली. वह्या चांगल्याच, पण त्या गुपचूप मुख्याध्यापकांच्या खोलीत नेऊन ठेवल्या तरी पोरांना तेवढ्याच उपयोगी पडतात.

आता दुसरी बाजू. मी स्वतः एका जिल्हा परिषदेच्या शाळेत दीडेक वर्ष शनिवारी सकाळी जात होतो. चौथीतला एक मुलगा ५२ वजा ३७ चं उत्तर न चुकता २५ लिहायचा. आळशी असेल, असं मला वाटलं. तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी त्याला मोठ्यानं बोलत गणित करायला लावलं, तेव्हा कळलं. सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. मोठ्यातून लहान वजा करायचं, वर कोण आणि खाली कोण याच्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं. त्याच्या नियमानं त्याचं उत्तर बरोबरच होतं! मग खराट्याच्या काड्या आणल्या, दहा-दहाच्या जुड्या रबरानं बांधल्या. पाच जुड्या, दोन सुट्या. "यातल्या सदतीस दे." त्यानं तीन जुड्या दिल्या, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. बराच वेळ थांबला. मग एका जुडीचं रबर काढलं.

हे पन्नास माणसांना एका दिवसात जमणार नाही, कारण चुकीचा शोध लागायलाच चार शनिवार गेले. शिवाय चौथ्या शनिवारपर्यंत तो माझ्याशी बोलायला लागला होता, त्याचाही भाग आहे.

तेव्हा काकूंना मी शाळा सुचवली. सरकारी शाळांत असं काम करायचं असेल तर केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं विद्यांजली पोर्टल आहे, तिथं स्वयंसेवक म्हणून नोंदणी होते. पण आपल्याकडं खरं दार मुख्याध्यापकांचंच. त्यांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटा, वार आणि तास ठरवा, आणि येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. मुलांना बाहेर पटांगणात किंवा दार उघडं ठेवून शिकवा, एकट्या मुलासोबत बंद खोलीत नको. सहा महिने नक्की येता येणार नसेल तर सुरूच करू नका. तिसऱ्या शनिवारी गायब होणाऱ्या ताई-दादांची पोरांना सवय झालेली असते, तीत भर कशाला.

झाडं: दिसतं एका दिवसाचं

इथं सगळ्यात जास्त फसगत होते. जुलैत बस भरून दंडोबाच्या डोंगरावर जायचं, खड्डे आधीच तयार, प्रत्येकाच्या हातात एक रोप, बॅनर, पुलाव. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेलं गवत पेटतं, वणव्यातून वाचलेली रोपं शेरडं खातात, आणि शेरडांतून सुटलेली एप्रिल-मेच्या उन्हात जातात. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत नवी रोपं.

आपल्या जिल्ह्यात कृष्णाकाठी पूर आणि जत-आटपाडीकडं दुष्काळ. पूर्वेकडं जायचं तर पाण्याचा हिशेब आधी मांडा. शंभर रोपांना आठवड्याला प्रत्येकी दहा लिटर धरलं तर हजार लिटर होतात, आणि फेब्रुवारी ते मे सतरा आठवडे. असे दोन, जमले तर तीन उन्हाळे. टँकर कोण आणणार, डोंगरावर पाइप कसा चढणार, वणवा अडवणारे जाळपट्टे कोण काढणार? याची उत्तरं नसतील तर शंभराच्या जागी दहा लावा आणि ती कारखान्याच्या कुंपणालगत लावा, जिथं वॉचमन आहे आणि नळ आहे. कडुलिंब, करंज, असं काहीही चालेल. फोटो बारका येईल, एवढंच.

माणसांनी उभं केलेलं जंगल बघायचं असेल तर सागरेश्वरला जाऊन या. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि गावकऱ्यांच्या कित्येक वर्षांच्या खटपटीतून उजाड डोंगरावर ते अभयारण्य उभं राहिलं. तिथल्या झाडांमागं उन्हाळे किती गेले असतील, ते मनात मोजा आणि मग बसचं बुकिंग करा.

रक्तदान: दोन्हींच्या मधलं

माणशी काम अर्ध्या-पाऊण तासाचं, म्हणून वाटतं एका दिवसात उरकेल. पण रक्त टिकत नाही. प्लेटलेट ५ दिवस, तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एकाच आठवड्यात चार शिबिरं झाली की रक्तपेढीत ठेवायला जागा नसते, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, पोरं गावाला, तेव्हा नातेवाईक पिशवीसाठी वणवण फिरतात.

दोनशे माणसांच्या कारखान्यानं एका दिवशी दोनशेजण झोपवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी पन्नासजणांची पाळी लावावी, आणि त्यातली एक पाळी मुद्दाम मे मध्ये. तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, स्त्रियांना १२० दिवसांचं. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. आणि कुणी "नको" म्हणालं तर सुपरवायझरनं कारण विचारू नये. माणसाला स्वतःची कारणं असतात.

कंपनीवाल्यांसाठी चार रोखठोक गोष्टी

सीएसआरचा (म्हणजे कंपन्यांवरच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा) धाक आणि सीएसआरची ऐट, दोन्ही छोट्या उद्योजकांत फुकट पसरलेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये निकष ठरवलेत ते असे: नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी. यातलं एकही लागू होत असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे, आणि आपण जिथं काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यायचं. माझ्या मित्राच्या वर्कशॉपला यातलं काहीच लागू नाही. तो जे करेल ते मनानं, कुणाला हिशेब देणं नाही.

ज्यांना लागू आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं. कामगारांनी श्रमदान केलं म्हणून त्या तासांचा पगार सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. मॅरेथॉनसारखा एका दिवसाचा कार्यक्रमही त्यात बसत नाही. म्हणजे माणसांचा वेळ द्यायचा तो वेगळा द्या, दोन टक्क्यांची गाठ त्याला बांधू नका.

वेळ कुणाचा, हाही प्रश्न आहे. साप्ताहिक सुट्टीला कामगाराला घाटावर बोलवायचं आणि त्याला स्वयंसेवा म्हणायचं, हे मला पटत नाही. त्याला आठवड्यात एकच दिवस मिळतो, त्या दिवशी घरचा बाजार असतो, सासूला दवाखान्यात न्यायचं असतं. पगारी चार तास द्या आणि यायचं का नाही हे त्याच्यावर सोडा. पंचावन्नांतले तीसच आले तरी ते तीस खरे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्या कारखान्यात रोज जे चालतं, ते द्या. मित्राकडं वेल्डर आहेत, फिटर आहेत, पाणी उपसायचा पंप आहे, जनरेटर आहे, एक छोटा हत्ती टेम्पो आहे. २०१९ ला एका अपार्टमेंटच्या पार्किंगमधलं पाणी आम्ही बादल्यांनी काढत होतो. सकाळपासून दुपारपर्यंत. मग कुणाचा तरी पंप आला आणि बघताबघता फरशी दिसली. त्या दिवशी दहा माणसांपेक्षा तो पंप मोठा स्वयंसेवक होता. हेच शाळेचं. वेल्डरनं शनिवारी दोन तासांत मोडक्या बाकांचे पाय जोडून दिले, तर त्याला वह्या वाटायला रांगेत उभं करायची गरज काय? अकाउंटंट असेल तर त्याहून बरं. एखाद्या लहान संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रं वर्षानुवर्षं अडलेली असतात, आणि ती संस्था ते कुणाला सांगतही नाही.

एकट्या माणसासाठी

शाळा नको असेल तर मिरज आहे. तिथल्या दवाखान्यांत उत्तर कर्नाटकातून रोज माणसं येतात. केसपेपर कुठं काढायचा, एक्स-रे कुठल्या मजल्यावर, औषध जेवणाआधी की नंतर, हे विचारायलाही ती बिचकतात. तुम्हाला कन्नड येत असेल आणि आठवड्यातून एक सकाळ मोकळी असेल, तर परवानगी घेऊन तिथं उभं राहणं हे पन्नास माणसांना न जमणारं काम आहे. औषधाबद्दल सल्ला द्यायचा नाही, फक्त डॉक्टर काय म्हणाले ते समजावून सांगायचं. काकूंचं माहेर विजापूरकडचं. शाळेचं ऐकून त्यांनी मान हलवली होती, मिरजेचं ऐकल्यावर मात्र चष्मा काढून बसल्या आणि "बुधवारी चालेल का?" म्हणाल्या.

मित्राचं ठरलं ते असं. झाडांचा बेत रद्द. निर्माल्यासाठी एक दिवस, पगारी, ज्याला यायचं त्यानं. दोन वेल्डर महिन्यातून एकदा शाळेत. पंप, जनरेटर, गाडी आणि ती चालवणाऱ्या माणसांची नावं एका कागदावर लिहून महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात आणि पूरपट्ट्यातल्या दोन मंडळांकडं द्यायची. तो म्हणाला, "पाणी चढलं की देतो." मी म्हटलं, अरे, ४० फुटांना तुझा फोन कोण उचलणार? मे संपायच्या आत जाऊन दे, आणि पंप एकदा चालू करून बघ. गेल्या वर्षी तो सुरूच झाला नव्हता, हे तूच सांगितलं होतंस.