आयटीआयचा मेसन ट्रेड: ओळंबा पक्का, सिमेंटचा हात कच्चा

आयटीआयमधला मेसन (बिल्डिंग कन्स्ट्रक्टर) हा ट्रेड एक वर्षाचा, आठवी पासवर मिळणारा. साइटवर बघून बघून शिकलेल्या गवंड्यापेक्षा इथून निघालेला मुलगा दोन बाबतींत सरस असतो, बाँड (विटा रचायची पद्धत) आणि ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का ते बघायचा दोरीला टांगलेला लोलक). त्या दोन्हींसाठी हे वर्ष द्यावं.

साइटवर मिस्त्री ‘सांधा मोड’, म्हणजे उभा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नको, एवढंच सांगतो. इथे इंग्लिश बाँडचा एक थर हेडरचा (विटेचं आखूड तोंड बाहेर), त्यावरचा स्ट्रेचरचा (लांब बाजू बाहेर), हे हाताने रचून शिकतात. कोपऱ्यातल्या हेडरला लागून क्वीन क्लोजर, म्हणजे लांबीत उभी चिरलेली अर्धी वीट, बसवावी लागते. ती विसरली की उभे सांधे एकावर एक येतात आणि भिंत तिथेच तडकते. आखणीचा काटकोन 3-4-5 मापांच्या त्रिकोणाने काढायचा, आधी दोन्ही कोपरे चढवायचे, मग दोरी ताणून मधले थर भरायचे. दर तीन-चार थरांनी ओळंबा लावायची सवय इथेच लागते.

खोट आहे ती सरावाच्या मालात, म्हणजे विटा जोडायच्या मिश्रणात. विटा पुन्हा वापरता याव्यात म्हणून बऱ्याच ठिकाणी सरावाची भिंत मातीच्या नाहीतर चुन्याच्या मालात बांधतात. खर्चाचा विचार केला तर ते बरोबरच आहे. पण हा माल लवकर धरत (घट्ट होत) नाही, त्यामुळे बसवलेली वीट पाऊण तासाने ठोकून सरळ करायची खोड लागते. सिमेंट अर्ध्या तासानंतर धरायला लागतं. त्यावेळी वीट हलवली की सांधा सुटतो, वरून दिसत नाही, आणि पुढे तिथूनच ओल शिरते. विटा भिजवण्याचंही तसंच. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला पाणी पुरत नाही आणि सांधा बोटाने खरवडला तरी भुगा पडतो. मातीच्या भिंतीत हे कधी समजतच नाही.

दुसरी अडचण मापांची. पुस्तकातली वीट मॉड्युलर, म्हणजे प्रमाणित मापाची, 19 × 9 × 9 सेंमी, आणि घनमीटरला 500 विटांचा हिशोब. बाजारात साधारण 9 × 4 × 3 इंचाची वीट मिळते, तिला हा आकडा लागू होत नाही. हातात आलेली वीट मोजून, 10 मिमी सांधा धरून हिशोब नव्याने करावा.

मालाचं प्रमाण मात्र नीट शिकवतात. 50 किलोची सिमेंटची गोणी म्हणजे 35 लिटर, म्हणून फर्मा (वाळू मोजायचं खोकं) 35 × 25 × 40 सेंमीचा. 1:6 ला (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) एका गोणीमागे वाळूचे सहा फर्मे. यात एक गोष्ट आवर्जून विचारून घ्या. ओलसर वाळू फुगते, पाच टक्के ओलाव्याला पाव हिश्शाहून जास्त. तशीच मोजली तर वाळू कमी पडते आणि सिमेंट वाया जातं.

प्रवेशाआधी कार्यशाळा बघून या. सिमेंटच्या मालात एक तरी भिंत आणि 12 मिमीचा गिलावा करायला मिळतो का, एएसी ब्लॉक (हलके सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) आणि टाइल्सचं काम होतं का, तेवढं विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर कोर्सनंतर थेट मजुरीला लागू नका. अप्रेंटिसशिप अशा ठेकेदाराकडे धरा जिथे गिलाव्याचं काम सुरू आहे.