सिनेटचं मस्टर : वापरून पाहिलेल्या एका सरकारी पानाबद्दल

मी गिरणीत टाइमकीपर होतो. भोंगा झाला की खिडकी उघडायची, तिकीट नंबर ऐकायचा, मस्टरवर खूण करायची. पाळी सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी आलेला माणूस खिडकीशी काय काय सांगायचा! पोरगं आजारी, सायकल पंक्चर, सासरा वारला. एकाच माणसाचा सासरा वर्षात दोनदा वारलेला मी पाहिलाय. मस्टरात मात्र 'उशीर' एवढंच. पुढे गिरणी बंद पडली, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला लागलो. पण नजर तीच राहिली. कोण काय सांगतंय त्याच्या आधी माझं बोट मस्टरावरच्या खुणेकडे जातं.

अमेरिकेच्या सिनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, वेबसाइटवर मतांच्या नोंदीचं जे पान आहे, त्याचा हा अभिप्राय. चकटफू आहे, नाव-नंबर विचारत नाही, जाहिरात नाही. पाचपैकी चार चांदण्या. पाचवी का राखून ठेवली ते पुढे येईलच.

सोलापुरातल्या म्हाताऱ्याला हे पान कशाला लागलं? तर १ ऑक्टोबर २०२५. आपल्याकडे खंडेनवमी. सकाळी साडेनऊला कारखान्यात मागांना हळदकुंकू लावणं चाललं होतं, झेंडूच्या माळा अजून पिशवीतच होत्या, आणि लेकीचा व्हर्जिनियाहून फोन. "आप्पा, इथलं सरकार बंद पडलं." तिकडे मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं होतं. मी म्हटलं, अगं आमचेही माग आज बंदच आहेत, परवा चालू होतील. तिला हसू आलं नाही. तिची नोकरी बदलायची होती, आणि व्हिसावर असलेल्या माणसाला नव्या कंपनीत जायचं तर कंपनीने आधी एलसीए नावाचा कागद सरकारकडून मंजूर करून घ्यावा लागतो. एरवी आठवडाभराचं काम. पण खर्चाची मंजुरी संपली म्हणून ते काम थांबलं, पोर्टलच बंद. जुन्या कंपनीत राजीनामा दिलेला, नव्या कंपनीची तारीख ठरलेली, आणि मधे ही पोरगी लोंबकळत.

मग रोज रात्री तिचे फोन. कोणी म्हणतं ह्यांनी बंद पाडलं, कोणी म्हणतं त्यांनी. मी म्हटलं, थांब, मस्टर कुठंय ते बघू.

सिनेटच्या साइटवर प्रत्येक मतदानाचं स्वतंत्र पान असतं. वर क्रमांक, तारीख, वेळ. त्याखाली प्रश्न काय होता त्याची ओळ. मग किती मतं लागत होती, निकाल काय, बाजूने किती, विरोधात किती, गैरहजर किती. आणि खाली शंभर नावं तीन तऱ्हांनी लावलेली: आडनावाप्रमाणे, मताप्रमाणे आणि राज्याप्रमाणे. मी राज्याप्रमाणेवर बोट ठेवतो आणि सरळ तळाशी जातो, कारण व्हर्जिनिया व्हीवर आहे. दोन नावं, टिम केन आणि मार्क वॉर्नर. दोघेही डेमोक्रॅट, म्हणजे ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या विरोधातले.

मी केन यांना धरलं. माजी गव्हर्नर, २०१६ साली हिलरी क्लिंटन यांच्यासोबत उपराष्ट्रपतिपदाला उभे होते. राज्यात केंद्र सरकारचे कर्मचारी भरपूर, म्हणजे बंदचा दणका थेट त्यांच्या मतदारांना. असा माणूस बोलतो काय आणि खूण कुठे करतो, ते बघायची मला खाज. एक लांब वही घेतली, मधोमध रेघ मारली. डावीकडे मत, उजवीकडे बोल.

पहिल्याच पानावर माझी विकेट पडली. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी सिनेटमध्ये एकापाठोपाठ दोन मतदानं झाली. एक डेमोक्रॅटांच्या स्वतःच्या, आरोग्य विम्याचं अनुदान चालू ठेवणाऱ्या खर्च-विधेयकावर, ते ४७ विरुद्ध ५३ असं पडलं. दुसरं हाउसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, १९ सप्टेंबरला २१७ विरुद्ध २१२ ने मंजूर करून पाठवलेल्या विधेयकावर. त्याला ५५ मिळाली, ४५ विरोधात. लागत होती ६०. पहिल्यावर केन यांचं 'होय', दुसऱ्यावर 'नाही'. आता बघा गंमत. रिपब्लिकन दुसरं मत दाखवून म्हणतात, हा माणूस सरकार बंद करायला मत देतो. डेमोक्रॅट पहिलं दाखवून म्हणतात, आम्ही चालू ठेवायलाच मत दिलं. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघं एकाच मस्टरातली अर्धी अर्धी ओळ वाचतात. गिरणीत असं करणाऱ्याला आम्ही 'बदलीवाल्याचा हिशेब' म्हणायचो. जिथं हजर तेवढे दिवस मोजायचे आणि पगाराच्या खिडकीशी भांडायचं.

दुसरी ठेच लागली ती 'प्रश्न' ह्या ओळीवर. ऑक्टोबरात एकामागून एक मतदानं झाली, आणि मी वहीत नुसतं नाही, नाही, नाही असं लिहीत गेलो. मग एका रात्री चष्मा पुसून ती ओळ नीट वाचली. तिथे क्लोचर असा शब्द होता. म्हणजे विधेयक मंजूर करू का, असा प्रश्नच नव्हता. चर्चेला घेण्याच्या प्रस्तावावरची चर्चा आता थांबवू का, असा होता. दारातून आत येऊ द्यायचं की नाही ह्याचीच मोजणी. सिनेटमध्ये त्यासाठी साठ जण लागतात आणि रिपब्लिकन होते ५३. म्हणून सरकार कोणाचं, बहुमत कोणाचं, असल्या आपल्या सवयीच्या प्रश्नांना तिथे उत्तर मिळत नाही. चौदा वेळा हे दार ढकलून झालं, चौदा वेळा बंदच. आणखी एक खोच सांगून ठेवतो: जिंकलेल्या बाजूने मत दिलं तर तोच प्रश्न पुन्हा मांडायची सोय राहते, म्हणून बहुमतवाल्यांचा नेता कधीकधी स्वतःच्याच प्रस्तावाविरुद्ध मत देतो. नुसती खूण वाचणारा इथे फसतो. टाइमकीपर असून मी हे लिहितोय.

पाचवी चांदणी इथे गेली. पान एवढं सगळं देतं, पण त्या मताचा अर्थ काय ह्याची एक ओळही देत नाही. तटस्थ राहायचं म्हणून असेल, मान्य. पण एका सिनेटरची सगळी मतं सलग वाचायची तर इथे मतदानागणिक पान उघडत बसावं लागतं. त्याला गव्हट्रॅक नावाची खाजगी साइट बरी. तिथे माणसाचं नाव टाकलं की त्याची मतं आणि गैरहजेऱ्या एका जागी दिसतात. मूळ मस्टर सिनेटचं, गोषवारा गव्हट्रॅकचा, असं मी वापरलं.

हाउसची नोंद त्यांच्या क्लार्कच्या साइटवर असते. ती उघडली आणि मला गिरणी बंद झाल्यानंतरचा महिना आठवला. १९ सप्टेंबरनंतर मतदान नाही ते थेट १२ नोव्हेंबरला. मधले सगळे दिवस कोरे. सभापती माइक जॉन्सन यांचं म्हणणं, आमचं काम आम्ही केलं, आता सिनेटने करावं. ठीक. पण ह्याच काळात त्याच सभागृहातली माणसं टीव्हीवर आणि मोबाइलवर रोज हजर! मस्टर कोरं आणि माणूस दाराशी भाषण करतोय, हे दृश्य मला नवं नाही. पगार मात्र दोन्ही सभागृहांचा चालू, कारण तो घटनेनेच लावून दिलेला. घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांचा थांबलेला.

शेतकी खात्याच्या सरकारी साइटवर तर ऑक्टोबरअखेर विरोधी पक्षाच्या सिनेटरांवर ठपका ठेवणारी पाटीच लागली होती. गरिबांच्या धान्य-मदतीचे पैसे १ नोव्हेंबरला मिळणार नाहीत, विहीर आटली आहे, असा मजकूर. चार कोटींवर माणसं त्या मदतीवर जगतात. विहीर आटणं म्हणजे काय, हे मंगळवेढ्या-सांगोल्याकडच्या माणसाला शिकवू नका. राखीव पैसा शिल्लक होता, आणि तो वापरा असं कोर्टाला सांगावं लागलं. ह्याला आमच्याकडे विहीर आटली म्हणत नाहीत, पोहरा काढून नेला म्हणतात.

आता ९ नोव्हेंबर. तिकडे रविवारची रात्र, इकडे सोमवारची सकाळ. शेजारचे यंत्रमागवाले पंतुलू चहाला आले होते. मला फोनला नाक लावलेलं बघून म्हणाले, "काय बघायलाव ओ आप्पा, मटक्याचा आकडा?" म्हटलं, साठ. आणि साठच आले. ६० विरुद्ध ४०. मी चहाच्या बशीशेजारी वहीवर बेरीज मांडली: रिपब्लिकन ५३, त्यातून विरोधात गेलेले रँड पॉल वजा, राहिले ५२. पलीकडून आले आठ. त्या आठांतले डेमोक्रॅट फेटरमन, कोर्टेझ मास्टो आणि अपक्ष अँगस किंग हे तिघं ३० सप्टेंबरलाही बाजूनेच होते. म्हणजे नवे पाच. त्या पाचांत टिम केन.

राज्यवार यादीत तळाशी गेलो. व्हर्जिनिया. केन, होय. वॉर्नर, नाही. सहा आठवडे एकाखाली एक सारखंच लिहीत आलेली दोन नावं पहिल्यांदा फुटली. पंतुलूंना दाखवलं तर म्हणाले, "एका पक्षाचे ना? मग व्हीप?" त्यांचा प्रश्न रास्त. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आहे, व्हीप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. तिकडे व्हीप नावाचा माणूस आहे, पण खुर्ची काढून घेण्याची ताकद त्याच्याकडे नाही.

उजव्या रकान्यात त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लिहावं लागलं. केन यांच्या निवेदनाचा मुद्दा असा: बंदच्या काळात कामावरून काढलेल्यांना परत घ्यावं लागेल, मनमानी कपातीला आळा बसेल, थकलेला पगार मिळेल. आरोग्य विम्याच्या अनुदानावर डिसेंबरात मतदान घेऊ, एवढं आश्वासन. वॉर्नर यांचं म्हणणं, विम्याच्या खर्चाने बेजार झालेल्यांना ह्यात काहीच नाही. माझं मत विचाराल तर केन यांचा डावा आणि उजवा रकाना त्या दिवशी एकमेकांना लागू पडतात. जे मागत होते त्यातलं एक पदरात पाडून घेतलं आणि त्या किमतीला मत दिलं. पण ऑक्टोबरातल्या त्यांच्या बोलण्यात विमा आणि कर्मचारी हे दोन्ही जोडीने असायचे. सौदा एकाचाच झाला. डिसेंबरात अनुदानाचं मतदान झालं, साठ काही भरले नाहीत. हे वॉर्नर यांच्या खात्यावर जमा करावं लागेल.

१२ नोव्हेंबरला हाउसने २२२ विरुद्ध २०९ ने मान्य केलं, रात्री ट्रम्प यांची सही, त्रेचाळीस दिवसांनी सरकार चालू. आधीचा सर्वांत लांब बंद पस्तीस दिवसांचा होता. लेकीचं पोर्टल ऑक्टोबरच्या अखेरीसच उघडलं होतं, तिचं काम मार्गी लागलं. ती आता म्हणते आप्पा, सोडा ती वही.

पंतुलूंचा एक प्रश्न अजून माझ्याकडे उधार आहे: आपल्या खासदाराचं असं पान दाखवा. पीआरएस ही संसदेच्या कामाची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या साइटवर हजेरी, प्रश्न, चर्चा हे सगळं मिळतं, आणि ते चांगलं ठेवलंय. पण कोणत्या विधेयकावर कोणी काय मत दिलं, हे फार क्वचित, कारण आपल्याकडे बहुतेक कारभार आवाजी मतदानावर चालतो. आवाजाला तिकीट नंबर नसतो. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने गेलं, तेव्हा मोजणी झाली म्हणून आकडा अजून पाठ आहे. आणि खर्चाचं विधेयक पडलं तर आपल्याकडे खाती बंद होत नाहीत, सरकारच जातं. त्यामुळे हा बंद प्रकार पंतुलूंना अजून नीटसा पटलेला नाही.

वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मोबाइल आडवा धरा, मतदानांची यादी उभ्यात चिरडते. आणि छापून घेणार असाल तर फक्त राज्यवार भाग छापा. मी पहिल्यांदा अख्खं पान दिलं आणि झेरॉक्सवाल्याने तीन प्रकारे लावलेली तीच शंभर नावं काढून हातात दिली.

नव्या मंजुरीची मुदत ३० जानेवारी २०२६ पर्यंत होती. वहीत त्या तारखेचं पान आधीच आखून ठेवलं होतं. डावा रकाना कोराच होता. उजव्यात तेव्हाच पाच ओळी झाल्या होत्या.