आधी सोलर की आधी स्लॅब?

स्वतंत्र घर, वर उघडी गच्ची आणि मे महिन्यात पाचशे युनिटांपुढे गेलेलं बिल. नागपूर, अकोला, सोलापूरकडे ही नेहमीची गोष्ट. हाताशी दीड-दोन लाख असतील, तर ते थेट सोलरला द्यायचे की आधी घरावर घालायचे?

सोलरची बाजू लंगडी नाही. 'पीएम सूर्यघर' योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पावसाळ्यात बरेच कमी. पण वीज गेली की बॅटरीशिवायचं सोलरही बंद पडतं, हे विक्रेता क्वचितच आपणहून सांगतो.

शिवाय सोलरनं बिल उतरतं, खोली नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडतो, म्हणून एसी पहाटेपर्यंत चालतो. पॅनेलच्या सावलीतला भाग तेवढा वाचतो. उरलेल्या गच्चीला पांढऱ्या रंगाचा कोट किंवा पांढरा चायना मोझॅक, म्हणजे चकचकीत फरशीच्या तुकड्यांचा थर. कोट स्वस्त, पण धूळ बसली की गुण कमी होतो. दर उन्हाळ्यापूर्वी धुवा, काही वर्षांनी पुन्हा मारा. मोझॅक महाग आणि जड, पण टिकाऊ.

पंख्यांचा हिशेब तर अगदी सरळ आहे. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज पंधरा तास धरले तर पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, चार पंख्यांचे ऐंशी. महावितरणचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांनंतर चढतो. म्हणजे वाचतात ती सगळ्यांत महागडी युनिटं. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर हेच पंखे दुप्पट वेळ फिरतात. एसी मात्र रोज दोनच तास लागत असेल, तर उगाच बदलू नका.

माझा कौल: पंखे लगेच, मग गच्ची, मग सोलर. गच्चीचा कोबा गळका असताना वर पॅनेलचा सांगाडा उभा केला, तर पुढे दुरुस्तीसाठी तो उतरवण्याचा खर्च वेगळा. एक उन्हाळा जाऊ द्या, नवं बिल पाहून क्षमता ठरवा. पाच किलोवॅटचं काम तीनमध्ये भागू शकतं, आणि तीनपुढे अनुदान तसंही वाढत नाही. स्लॅब धड असेल आणि दिवसा घरात एसी-पंप चालत असतील, तर क्रम उलटा केला तरी चालेल.

फ्लॅटवाल्यांना गच्चीसाठी सोसायटीची परवानगी लागते. भाडेकरूंनी फक्त पंखे घ्यावेत. घर बदलताना काढून नेता येतात.