पोलर एच १० बेल्ट: पन्नाशीत जोराचा व्यायाम करणाऱ्यांसाठी

जोराचा व्यायाम करताना हृदयाचे ठोके बघायचेच असतील, तर छातीला बांधायचा बेल्ट घ्या. मनगटावरच्या घड्याळाच्या भरवशावर राहू नका. पोलरचा एच १० वापरायला लागल्यापासून माझं हे मत पक्कं झालंय.

मी ५० वर्षांची, राहायला जुळे सोलापुरात. सकाळी संभाजी तलावाच्या बाजूला भराभर चालते, मधेच थोडं पळते, आणि संध्याकाळी जमेल तेव्हा जिममध्ये सायकलचा क्लास करते. या क्लासमध्ये सर एक-एक मिनिट जीव खाऊन पॅडल मारायला लावतात आणि मग सावकाश फिरवायला सांगतात. त्या एका मिनिटात माझ्या तोंडातून दोन शब्द सलग निघत नाहीत, तरी हातातलं घड्याळ (कंपनीचं नाव घेत नाही) मिनिटाला ११२ ठोके दाखवायचं. बेल्ट बांधल्यावर त्याच मिनिटाला आकडा आला १५१. तलावाकडे पळताना याच्या उलट. पाय मिनिटाला १६५ पावलांच्या लयीत पडत असले की घड्याळही १६५च्या आसपास अडकून बसायचं. ते ठोके नव्हतेच, पावलं होती.

याचं कारण समजण्यासारखं आहे. घड्याळ कातडीवर हिरवा उजेड टाकून रक्ताच्या प्रवाहातला चढउतार बघतं. हँडल घट्ट धरलं, मनगट वाकलं, हात हलला की त्याची गल्लत होते. बसल्या जागी किंवा झोपेत ते बऱ्यापैकी बरोबर सांगतं. बेल्ट मात्र ईसीजीसारखी हृदयाची विजेची हालचालच पकडतो. ठोके वाढले की लगेच वाढलेले दिसतात, कमी झाले की लगेच कमी.

पण आकडा खरा मिळाला तरी तो किती असावा, हा प्रश्न राहतोच. आमच्या जिमच्या भिंतीवर तक्ता आहे: २२० वजा वय. म्हणजे माझे जास्तीत जास्त ठोके १७०, आणि जोराच्या व्यायामासाठी त्याच्या ७० ते ८५ टक्के, म्हणजे ११९ ते १४५. हा हिशेब सरासरीचा आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज निघतो, कधी त्याहून जास्त. २००१ मध्ये आलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र मला १७३ देतं. क्लास सुरू करण्याआधी मी डॉक्टरांकडून ट्रेडमिल टेस्ट करून घेतली, तिथे ठोके १७६पर्यंत गेले आणि ईसीजीत काही खोट निघाली नाही. सकाळी अंथरुणातच मोजले तर ६४ असतात. जोराचा टप्पा मी या १७६ आणि ६४वरूनच काढला. दोन्हींतला फरक ११२. त्याचे ७० टक्के धरून ६४ मिळवले की १४२, ८५ टक्के धरले की १५९. भिंतीवरचा तक्ता मला जिथे थांबवतो, जवळपास तिथेच माझा खरा जोराचा टप्पा सुरू होतो. डॉक्टरांनी मला त्या एक-एक मिनिटापुरती १५५ची मर्यादा दिली आहे. हा आकडा माझा आहे, कृपया कुणी उचलू नका. चाळिशी ओलांडलेली असेल, बीपी, शुगर असेल, घरात कुणाला हृदयविकार असेल, तर आधी तपासणी आणि मगच जोर.

सोलापूरकरांसाठी उन्हाळ्याचं वेगळं सांगते. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत जानेवारीच्या थंडीत ज्या वेगाला माझे ठोके १३८ असतात, त्याच वेगाला मे महिन्यात सकाळी साडेसहालाही १५०च्या घरात जातात. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामातून पाणी जातं, एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं, म्हणून हृदय जास्त वेळा धडधडतं. वेग तोच असला तरी हृदयावरचा भार तो नसतो. बेल्टचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे झाला. एप्रिल-मेमध्ये मी किती अंतर झालं ते बघत नाही, ठोके बघते आणि त्याप्रमाणे पाय आवरते.

आणखी एक आकडा मी आवर्जून बघते, थांबल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाचा. माझे ठोके एका मिनिटात २५-३०ने उतरतात. १२ किंवा त्याहून कमी उतरत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आता बेल्टच्या कटकटी. बांधायच्या आधी आतली रबरी पट्टी पाण्याने ओली करावीच लागते. कोरड्या पट्टीवर घाम येईपर्यंत आकडे वेडेवाकडे येतात. बायकांनी ब्राच्या पट्टीखाली, छातीच्या लगेच खाली बांधावा, पंजाबी ड्रेसमधून दिसतही नाही. व्यायाम झाला की पुढचं यंत्र काढून ठेवा, नाहीतर ओल्या पट्टीमुळे ते चालूच राहतं आणि सेल उतरतो. सेल सीआर २०२५ हा बटणासारखा, नवी पेठेत घड्याळाच्या दुकानात मिळाला. पट्टा दर वेळी पाण्याने खळबळून सावलीत वाळवते. बेल्टला स्वतःचा स्क्रीन नाही, आकडा मोबाईलवर किंवा ब्लूटूथने जोडलेल्या घड्याळावर बघायचा. एका व्यायामाची नोंद तो स्वतःकडे ठेवतो, त्यामुळे पळताना मोबाईल घरी ठेवता येतो, हे मला फार आवडलं. किंमत मात्र साध्या घड्याळाच्या मानाने चांगलीच जास्त आहे.

नुसतं चालायला जाणाऱ्यांनी हा खर्च करू नये. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढी खूण मध्यम व्यायामाला पुरते. आमचे हे बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेतात, त्या गोळीने ठोकेच दबतात, त्यामुळे २२०चं सूत्र त्यांना लागू नाही. ते बोलण्याच्या खुणेवरच चालतात, डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. आणि छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, यातलं काहीही झालं तर बेल्ट १२० दाखवत असला तरी तिथेच थांबायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. हा बेल्ट ठोके मोजतो, हृदयाचा आजार ओळखत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मागवताना पट्ट्याचा साईज बघून घ्या: एक एम ते डबल एक्सएल येतो, दुसरा एक्सएस-एस. माझ्या जाऊबाई बारीक आहेत, माझा मोठा पट्टा त्यांना पळताना खाली सरकत होता. त्यांनी लहान मागवला, तो नीट बसला.