बालवाडीचा पहिला आठवडा: दारात सोडून यायचं की हळूहळू बसवायचं?

जूनमध्ये शाळा उघडली की बीड-लातूरकडं दोन्ही पद्धती दिसतात. पहिल्या पद्धतीत आई पहिल्याच दिवशी लेकराला दारात सोडून कामाला जाते. रोजगार बुडत नाही. पण ती डोळा चुकवून सटकली, तर दुसऱ्या दिवशी लेकरू पदर मुठीत धरून बसतं. जायचंच असेल तर सांगून जावं, रडलं तरी.

दुसरी पद्धत जास्त भरवशाची. दोन दिवस आई वर्गात कोपऱ्यात, तासभर. तिसऱ्या दिवशी बाहेर ओट्यावर. चौथ्यापासून "खिचडी खाऊन झाली की येते" म्हणून घरी. वेळ खिचडीवरूनच सांगावी. तीन वर्षांच्या लेकराला बारा वाजलेले कळत नाहीत. आणि बोललेली वेळ पाळायचीच.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर हीच धरावी. दिवाळीच्या आसपास आईबाप कारखान्याकडं निघतात. लेकरू आजीजवळ राहणार असेल, तर जूनपासून सोडायला-आणायला आजीनंच यावं. नाहीतर लेकराची घडी पुन्हा विस्कटते.

नाडीऐवजी इलॅस्टिकची चड्डी आणि डब्याचं झाकण उघडायचा आठ दिवसांचा सराव मात्र दोन्हीकडं लागतो.